तिरकी अक्षरं

मार्सेयहून पुस्तक आलं ते लवंगा वाळत घातल्या त्या दिवशी.
टपालवाल्याने सही मागितली, माझी बोटं तेलकट;
मुखपृष्ठावर डाग पडला, नेमका मिनारावर.
आमच्या दोमोनीत असला मिनार नाही.

बाबा म्हणाले, वाच.
त्यांचे डोळे आता दुधाळ. फ्रेंच तर कधीच आली नाही.
गोऱ्या साहेबाच्या मळ्यावर अंगठा उठवायचे.
लिहिता येत होतं खरं तर, उजवीकडून;
त्या कागदावर उजवीकडे जागाच सोडलेली नसायची.

मग रोज इशाच्या नमाजानंतर मी बसायची,
डोळ्यांनी फ्रेंच घ्यायची, तोंडाने आपली भाषा सोडायची.
सहावीपर्यंतची माझी फ्रेंच. अडलं की खोकायचं.

कादंबरीत एक म्हातारा आहे, बांग देणारा.
तो कडक, त्याचा अल्ला त्याच्याहून कडक.
एकशेबाराव्या पानावर तो मुलाच्या तोंडावर दार लावतो.
मुलगा जहाजात बसतो, आणि पुढची दोनशे पानं
त्या दाराचा आवाज येत राहतो.
सोइलिहीने परीक्षणाचं कात्रणही आत ठेवलेलं:
म्हातारा म्हणजे इस्लाम, दार म्हणजे गोऱ्यांचं राज्य,
की उलट, मला नीट लागलं नाही.

एकशेबारा मी गाळलं.
'मुलगा निघाला, बापाने डोक्यावर हात ठेवला', असं वाचलं.
बाबा गप्प. मग म्हणाले,
एवढ्याशा वाक्याला दोन पानं उलटलीस, एचाता.

मग वाचलं. सगळं.

त्या रात्री मी तिथेच होते,
चौदा वर्षांची, कंदिलाची काच पुसत.
बाबांची दाढ ठणकत होती. बाहेर काशिकाझी सुटलेला,
दार आपणहून आदळलं.
बाबांनी उघडलं लगेच, पण सोइलिही वळणापाशी पोचलेला
आणि बाबांच्या दाढेखाली लवंग.
हाक निघाली ती नुसती वाफ.

कळवते त्याला हे, मी म्हटलं.
नको. वाऱ्याने लागलेल्या दारावर कोण कादंबरी लिहील?
मी लावलं नाही, बाबा म्हणाले,
पण त्याला लागलं ते लागलंच.

पुस्तकात नाही ते असं:
दर जुम्म्याला मशिदीतून दुसऱ्याच कुणाच्या चपला घालून येणारे बाबा.
रोजा सोडताना आपल्या ताटातला मासा मांजरीला देऊन
'तिने काय केलंय?' म्हणणारे.
आई गेली त्या वर्षी अल्लाशी भांडायचे,
पण हळू, शेजाऱ्यांना ऐकू जाऊ नये म्हणून.
सोइलिहीला हे माहीत नव्हतं, की माहीत होतं
आणि कुठे ठेवावं ते कळलं नाही?

शेवटच्या रात्री विचारलं त्यांनी,
बांगेचे शब्द तरी बरोबर लिहिलेत ना?
बरोबर आहेत. पण तिरक्या अक्षरांत.
म्हणजे?
परके शब्द तिकडे वाकडे छापतात, बाबा.
बांग, वजू, आपली नारळाची भाकरी, सगळंच.
मी त्यांचं बोट धरून ओळीवरून फिरवलं.
कागद गुळगुळीत. हाताला काही लागेना.
कुठे वाकलेत?
पुढे.
मग रुकूत आहेत, म्हणाले,
आणि इतके हसले की मला पाणी आणावं लागलं.
उभे आहेत त्यांची नमाज व्हायचीय अजून!

पुस्तक मी कुराणाच्या फळीवर नाही ठेवलं,
त्याखालच्या फळीवर, लवंगांच्या डब्याशेजारी.
कात्रण एकशेबारावर.

पहाटे उठले. कर्ण्यातून कुणा पोराची बांग चाललेली,
बाबांचे ओठ तिच्या अर्धा शब्द पुढे.
दार सताड उघडं,
आणि त्याला टेकवलेला मसाला वाटायचा दगड.
काशिकाझी सुटायला अजून दोन महिने होते.